लेस की वेल्क्रो, कुंदा की करदंट

बेळगावहून प्रस्तरारोहणासाठी बदामीला जायचं तर साधारण दीडशे किलोमीटर. यरगट्टी, रामदुर्ग मागं पडेपर्यंत गाडीत 'हे की ते'चा खेळ सुरू होतोच. चहा की कॉफी, मिसळ की इडली-वडा, पहाटे उठायचं की लोळत पडायचं, लेसचा बूट की वेल्क्रोचा, रोप, म्हणजे चढाईचा दोर, नवा की उसना. यातला शेवटचा प्रश्न बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही. पण प्रस्तरारोहणाचं सामान पहिल्यांदा घेणारा बुटाच्या रंगावर आठवडाभर घोळ घालतो आणि रोपाच्या बाबतीत 'चालतंय की' म्हणून मोकळा होतो. म्हणून हे परीक्षण त्याच खेळाच्या चालीवर आहे. कौल लावायचा तिथं लावलाय. जिथं कौलाला जागाच नाही, तिथं तसं स्पष्ट लिहिलंय.

आधी बूट, कारण सगळ्यात जास्त भांडण यावरच. लेसचा बूट जागोजागी हवा तसा आवळता येतो. चवडा रुंद आणि टाच बारीक असेल, म्हणजे चपलेत वाढलेला आपल्याकडचा नेहमीचा पाय, तर त्याचा उपयोग होतो. वेल्क्रोचा बूट दोन पट्ट्या ओढल्या की पायातून बाहेर. हे क्षुल्लक वाटतं, पण चढाईचा बूट मोज्याशिवाय आणि बोटं थोडी दुमडतील इतका घट्ट घालतात, त्यामुळं प्रत्येक चढाईनंतर तो काढावाच लागतो. दिवसात दहा वेळा लेस सोडून बांधण्याचा उत्साह दुपारनंतर कुणाला राहत नाही. पहिल्या जोडीसाठी कौल वेल्क्रोला, तोही सपाट तळाच्या बुटाला. पोपटाच्या चोचीसारखा पुढून खाली वळलेला बूट छतासारख्या पुढं आलेल्या कड्याखालच्या चढाईसाठी असतो. नवशिक्यानं तो घेतला तर सोप्या भिंतीवर उभं राहतानाच पोटरीत गोळे येतात.

माप संध्याकाळी बघा, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. टाचेमागं पोकळी नको, ती असली तर टाच अडकवताना बूट निघून येतो. अंगठा टोकाला टेकलेला आणि त्याचा सांधा किंचित उचललेला हवा, पण कळ नको. पाच मिनिटं उभं राहून मुंग्या आल्या तर अर्धा नंबर वाढवा. अस्तर नसलेलं चामडं वापरून जवळजवळ एक नंबर सैल पडतं, सिंथेटिक फारसं पडत नाही. तेव्हा चामड्याचा बूट घेताना जरा जास्त घट्ट घ्यायचा. ऑनलाइन मागवणार असाल तर बदलून मिळण्याची सोय आधी बघा, कारण कंपनीगणिक नंबर वेगळा निघतो.

तळाचं रबर साधारण 3.5 ते 5 मिलिमीटर जाडीचं असतं. बदामीचा लाल वालुकाश्म बोट फिरवलं तरी पॉलिश पेपरसारखा लागतो, आणि पाय घासत वर नेणाऱ्याच्या बुटाचा अंगठ्याखालचा कोपरा तो आधी खातो. तिथलं रबर पातळ होऊन वरची कडेची पट्टी दिसायला लागण्याआधी नवा तळ बसवून घ्यावा. पट्टीच फाटली की काम वाढतं आणि बुटाचा घाटही बिघडतो. बंद गाडीत, उन्हात बूट ठेवू नका. गोंद सुटतो आणि तळ पापडासारखा उचलला जातो.

आता कोल्हापुरी. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांच्या जोडीला बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूरही आहेत. म्हणजे अथणीत शिवलेली चप्पल कागदोपत्रीसुद्धा अस्सल कोल्हापुरी. लग्नाला, बाजाराला तिच्याशी बरोबरी नाही. पण कड्याखाली ती नको. चामड्याचा तळ झिजून गुळगुळीत होतो आणि दगडावरच्या बारीक वाळूवर सरकतो. शिवाय खाली उभं राहून रोप सांभाळणारा, म्हणजे बिले देणारा, चढणारा पडला की भिंतीकडं खेचला जातो. त्याला पाय दगडावर आपटून रोखायचं असतं. उघडी बोटं तिथं कामाची नाहीत. बिले देताना बंद बूट, मुक्कामी परतल्यावर कोल्हापुरी.

हाताच्या घामावर लावायच्या चॉकची सुटी पूड की कापडातला गोळा, यावर फार डोकं चालवू नका. दोन्हीत मॅग्नेशियम कार्बोनेटच. पूड हाताला पटकन लागते आणि पिशवी कलंडली की सगळीकडं होते. गोळा सांडत नाही, लागायला वेळ लावतो. द्रव चॉकमध्ये अल्कोहोल असतं, ते उडून गेलं की थर टिकतो, पण कातडी कोरडी पडून भेगा येतात. चुकायची जागा दुसरीच आहे. घरातली कॅरमची पावडर किंवा टाल्कम 'पांढरी पूड ती पांढरी पूड' म्हणून पिशवीत भरली जाते. त्या पुडी सोंगटी किंवा कातडी सरकावी म्हणून केलेल्या. त्यांनी पकड उलट निसटते. जिम्नॅस्टिक्सवाले वापरतात तो मॅग्नेशियमचा ठोकळा मात्र चालतो. जाताना ब्रशनं पकडी पुसून जा, लाल दगडावर पांढरे ठिपके लांबूनही दिसतात.

रोपाकडं येऊ. इथं कौल बंद. शेताच्या घरात कासरा, सोल, नाडा वेगवेगळे असतात आणि नाड्याच्या जागी कासरा कुणी लावत नाही. प्रस्तरारोहणातही तेच. रॅपलिंगवाल्यांचा, म्हणजे दोरावरून कडा उतरणाऱ्यांचा, स्टॅटिक रोप ताणला न जाण्यासाठीच केलेला असतो; ईएन 1891 या युरोपीय मानकात त्याच्या ताणाची मर्यादा 5 टक्के आहे. लीड चढाईत चढणारा दगडात ठोकलेल्या बोल्टांत रोप अडकवत वर जातो; तिथला ताणला जाणारा डायनॅमिक रोप ईएन 892 प्रमाणे तपासतात. सिंगल, म्हणजे एकटाच वापरायच्या, रोपाला 80 किलोच्या वजनाचे किमान 5 धक्के सोसावे लागतात. पहिल्या धक्क्याला तो 40 टक्क्यांपर्यंत ताणला गेला तरी चालतो, पण झटक्याचं बळ 12 किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये. हा ताणच माणसाला वाचवतो. समजा, चढणारा 12 मीटरवर आहे आणि शेवटचा बोल्ट त्याच्या 3 मीटर खाली. तो सुटला तर 6 मीटर पडणार, आणि हे पडणं झेलायला 12 मीटर रोप आहे. डायनॅमिक रोप लांबत लांबत थांबवतो. स्टॅटिक रोप तोच झटका कमरेला, बोल्टला आणि बिले देणाऱ्याला जवळजवळ जसाच्या तसा पोचवतो. हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर तर मोजूच नका. त्यावर ओझं बांधायचं, माणूस नाही.

घेताना रोपाच्या टोकाची चिकटपट्टी वाचा. वर्तुळात '1' असेल तर सिंगल रोप, '½' असेल तर तो जोडीनंच वापरायचा. शिकणाऱ्यांसाठी 9.8 मिलिमीटरच्या आसपासचा, 60 मीटरचा रोप पुरेसा. वजन पावणेचार किलोच्या घरात जातं. 9 मिलिमीटरच्या खालचा रोप हलका, पण हातातून भराभर सरकतो आणि दगडाच्या धारेवर लवकर झिजतो. 30 मीटर उंचीच्या मार्गावरून खाली सोडायला 60 मीटर रोप जेमतेम पुरतो, म्हणून खालच्या टोकाला गाठ मारल्याशिवाय चढाई सुरू करू नका. टोक बिलेच्या यंत्रातून निसटून जाणं हा या खेळातला जुना आणि पूर्ण टाळता येणारा अपघात आहे.

उसना रोप नको, कारण तो कुठून आला ते दिसत नाही. नायलॉनला बॅटरीतलं ॲसिड लागलं तर आवरण वरून धड दिसतं आणि आतला गाभा मेलेला असतो. जीपच्या डिकीत जुनी बॅटरी, फवारणीचा पंप आणि रोप एकत्र ठेवणारे आपल्याकडं कमी नाहीत. स्वतःचा रोपसुद्धा प्रत्येक फेरीनंतर हातातून पूर्ण ओढून बघावा. कुठं मऊ, चपटा किंवा ताठ भाग लागला तर तिथं वेटोळं करा. चांगला रोप गोल वळतो. गाभा तुटलेला असेल तर वेटोळं कागदासारखं घडी पडतं. तसा भाग टोकाजवळ असेल तर कापा, मध्ये असेल तर रोप बाद. बेळगावचा पावसाळा म्हणजे चार महिने ओल. रोप कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, उन्हात नको, आणि पिशवीत भरताना हाताला गार लागत असेल तर अजून एक दिवस थांबा.

बिलेसाठी नळीचं साधं यंत्र की ग्रिग्रीसारखं स्वतः आवळणारं, हा प्रश्न खरोखर आवडीचा आहे, पण अर्धाच. नळीचं हलकं, स्वस्त, आणि दुपदरी रोपावरून उतरायलाही चालतं. ग्रिग्रीचं वजन 175 ग्रॅम, ते 8.5 ते 11 मिलिमीटरचा एकपदरी रोप घेतं आणि झटका बसला की रोप दाबून धरतं. यामुळं लोकांना वाटतं, रोप धरलेला खालचा हात सोडला तरी चालेल. चालत नाही. रोप उलटा घातला तर ग्रिग्री आवळतच नाही. म्हणून चढण्याआधी चढणाऱ्याकडचा रोप झटकन ओढून बघायचा: यंत्र अडलं पाहिजे. दुसरी चूक खाली सोडताना होते. घाबरून ग्रिग्रीची रोप सोडायची दांडी मुठीत आवळली की माणूस दगडासारखा खाली येतो. शिकायला नळी, कारण तिच्यावर खालचा हात सोडायची सवयच लागत नाही. नंतर ग्रिग्री घ्या की.

हार्नेसबद्दल फार लिहायला नको. कमरेचा पट्टा कटीच्या हाडाच्या वरच्या बाजूला बसावा, मुठीनं खाली ओढला तर घसरू नये. त्याला रोपाची आठाच्या आकड्यासारखी गाठ मारल्यावर शेपूट वीतभर उरावी. दुचाकीचं हेल्मेट मात्र आणू नका. ते जड असतं, त्यातून वर बघता येत नाही, आणि इथं दगड वरूनच येतो.

अंगठी घालायची की नाही? काढायची. बोट फटीत अडकून अंगावर भार आला तर अंगठी कातडी सोलून नेते. बांगड्या, कडं यांनाही तोच नियम. वेणी की मोकळे केस? वेणी, तीही कपड्याच्या आत; रॅपलिंग करताना केस यंत्रात ओढले गेले की अधांतरी सुटका करणं फार अवघड जातं.

दगडाचीही निवड आहे. खानापूर, बेळगावच्या भोवतीचा जांभा घर बांधायला उत्तम, चढायला नाही. पकड हातात येते. पश्चिमेला सह्याद्रीचा काळा कातळ, पूर्वेला बदामीचा वालुकाश्म. वालुकाश्म पाणी पितो आणि ओला असताना ठिसूळ होतो, म्हणून पाऊस पडून गेला की भिंत वरून कोरडी दिसली तरी दोन दिवस हात लावू नये. पकड तुटली की तो मार्ग कायमचा बदलतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चनंतर दुपारी दगड तव्यासारखा तापतो, हाताला घाम आणि रबर मऊ. त्यामुळं 'पहाट की दुपार' या प्रश्नाला उन्हाळ्यात एकच उत्तर. इथली लेणी सहाव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इसवी सन 578 चा. संरक्षित लेण्यांच्या, देवळांच्या भिंतींना चॉक नको, खिळा नको, पायसुद्धा नको.

कड्यावर आग्या मोहोळं असतात आणि जागा बदलत राहतात. गेल्या हिवाळ्यात मोकळी असलेली भिंत या हिवाळ्यात मोकळी असेलच असं नाही. आपल्याला कानडी येतंच, वाटेत भेटणाऱ्या मेंढपाळाला 'जेनु' कुठं आहे ते विचारून घ्या. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. घोंघाट वाढला तर चढणाऱ्याला लगेच खाली घ्या, सामान तिथंच सोडा आणि तोंड झाकून लांब पळा. हात झटकू नका.

राहिला डबा. कुंदा की करदंट, यावर बेळगावकर आणि गोकाककर कधी एकमत होणार नाहीत, पण कड्याखाली तरी करदंट. गूळ, डिंक, सुका मेवा. उन्हात टिकतो आणि दोन घासांत काम होतं. कुंदा दुधाचा, ओलसर. बोटं चिकट होतात आणि त्यावर चॉकचा लगदा बसतो. पाणी माणशी तीन लिटर तरी घ्या. पिशवीची चेन पूर्ण लावलेली असू द्या, बदामीची माकडं अर्धी उघडी चेन सोडत नाहीत. जेवायला गावातली खानावळ बरी: ज्वारीची भाकरी, एण्णेगाई, शेंगाचटणी. कुंदा घरी परतल्यावर, हात धुऊन.