कोडिंगबॅटवर तीन महिने: एका दिवाणजीचा अभिप्राय

मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे. वय ४७. तागे, मीटर, बिलं आणि शनिवारचा पगार, एवढंच माझं जग. पायथन, म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा, शिकायचं खूळ पोरीमुळं डोक्यात शिरलं. ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. जेवतानासुद्धा तिच्या तोंडी लिस्ट (यादी), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणं), इफ (अट). म्हटलं, आपण आयुष्यभर याद्याच लिहिल्या, मग आपल्याला का जमू नये?

आधी एका क्लासला साडेचार हजार रुपये भरले. नाव लिहीत नाही. सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहायचे, मी वहीत उतरवून घ्यायचो. दीड महिन्यात शंभर पानी वही भरली आणि सगळं समजलं असंही वाटलं. घरी कॉम्प्युटरसमोर बसलो तर पहिली ओळ सुचेना. पोरीनं वही चाळली आणि म्हणाली, "पप्पा, हे सुंदर अक्षरात लिहिलंय, पण चालवून कधी बघितलंय का तुम्ही?"

तिनंच मला कोडिंगबॅट ही प्रोग्रॅम लिहिण्याच्या सरावाची साइट उघडून दिली. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या निक पार्लांटे यांनी ही साइट बनवलीय. फुकट आहे. सोडवलेलं जपून ठेवायचं असेल तरच खातं काढायचं, नाहीतर तसंच बसा आणि लिहा. दिसायला अगदी साधी, आमच्या कारखान्याच्या बिलबुकासारखी. व्हिडिओ नाही, टाळ्या नाहीत. जावा आणि पायथन अशा दोन भाषा. पायथनमध्ये वॉर्मअप, स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांचा मजकूर), लिस्ट, लॉजिक असे विभाग आणि प्रत्येकाचे १ आणि २ असे दोन टप्पे. लिस्ट-१ मध्ये लूप लागतच नाही, लिस्ट-२ मध्ये लागतो. गणितं इंग्रजीत असतात, पण दोन-चार ओळींचीच, आणि खाली उदाहरणं दिलेली असतात. मला तर मजकुरापेक्षा उदाहरणांवरूनच जास्त कळतं.

खरी गंमत उत्तर दिल्यावर आहे. बटण दाबलं की शेजारी तक्ता येतो: कुठली यादी दिली, काय उत्तर हवं होतं, तुमचं काय आलं. जुळलं तर ओळ हिरवी, नाहीतर लाल. रोजमेळ जुळवणाऱ्या माणसाला याहून ओळखीचं काय असणार?

लिस्ट-२ मधलं 'सम थर्टीन' हे गणित सांगतो. यादीतल्या आकड्यांची बेरीज करायची, पण १३ हा अपशकुनी, तो धरायचा नाही आणि त्याच्या लगेच पुढचा आकडाही धरायचा नाही. मी लूप लावला आणि आत एक इफ: हा आकडा १३ नसेल आणि याच्या मागचाही १३ नसेल, तर बेरजेत घे. वाटलं, झालं काम. १, २, २, १ ला ६ आले, हिरवं. १, १ ला २ आले, हिरवं. आणि १, २, २, १, १३ ला हवे होते ६, माझे आले ५. लाल.

एक रुपयाचा फरक म्हणजे दिवाणजीची झोप उडते. तीच यादी मी पायथन ट्यूटरवर टाकली. फिलिप ग्वो यांची ही साइट प्रोग्रॅम एकेक ओळ पुढं सरकवून कुठल्या खोक्यात काय आहे ते चित्रात दाखवते. पहिल्याच फेरीत चोर सापडला. पायथन यादी मोजतं शून्यापासून. पहिल्या आकड्याच्या मागचा म्हणजे शून्य वजा एक, उणे एक. आणि पायथनमध्ये उणे एकावर बसलेला असतो यादीतला शेवटचा आकडा! शेवटी १३ होता, म्हणून पहिला १ गळाला. 'पहिला आकडा असेल तर मागं बघू नको' एवढी अट घातली आणि तक्ता खालपर्यंत हिरवा झाला. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. बायको म्हणाली, "झोपा आता, उद्या कारखाना आहे."

लॉजिकमधलं 'कॉट स्पीडिंग' पण आवडलं. वेग ६० पर्यंत असेल तर दंड शून्य, ६१ ते ८० ला एक, ८१ पासून दोन, आणि वाढदिवस असेल तर ५ ची सवलत. मी आधी वाढदिवसाचे तीन आणि बिनवाढदिवसाचे तीन असे सहा इफ लिहिले. वर '६० पर्यंत' याचं '६० पेक्षा कमी' करून ठेवलं, त्यामुळं नेमकी ६० ची ओळ लाल. मग लक्षात आलं, वाढदिवस असला तर वेगातूनच ५ वजा करायचे. सहाचे तीन झाले.

एक गोष्ट माहीत असू द्या. पायथनच्या बाजूला सराव स्ट्रिंग आणि लिस्टचा आहे, डिक्शनरीचा विभाग नाही. तसला मॅप विभाग जावाकडं आहे. डिक्शनरी म्हणजे नावासमोर रक्कम, पगारपत्रकच की. तो सराव मी आमच्याच पत्रकावर केला: कामगाराचं नाव, त्यापुढं आठवड्याचे मीटर, लूप लावून मजुरी, उचल असेल तर इफ लावून वजा. नावं अर्थात खोटी घातली. एकदा यादीवर लूप चालू असतानाच त्यातली रद्द बिलं काढायला गेलो, तर लागोपाठची दोन रद्द बिलं होती त्यातलं दुसरं जागेवरच राहिलं. तेव्हापासून काढत नाही, ठेवायची बिलं नव्या यादीत घेतो.

मोबाइलवर हे करायला जाऊ नका, कंस आणि ओळीआधीची मोकळी जागा सांभाळताना जीव जातो. रोज दोन गणितं पुरतात. आणि उत्तर नेटवर शोधायचं नाही, पोरीनं तशी शपथच घातलीय मला.

सध्या लॉजिक-२ मधल्या 'मेक चॉकलेट' वर अडकलोय. एक किलोच्या आणि पाच किलोच्या वड्या आहेत, आधी मोठ्या वापरून ठरलेलं वजन भरायचं, छोट्या किती लागल्या ते सांगायचं, जमत नसेल तर उणे एक. वरच्या सगळ्या ओळी हिरव्या आहेत. सगळ्यात खाली 'इतर चाचण्या' अशी एक ओळ असते, तिथं यादी दाखवत नाहीत. तेवढी एक लाल आहे, आज तिसरा दिवस.