‘सिंता’ ऐकलं आणि साडेअठरा हजार गेले

माझ्या कपाटात बालीहून आणलेली एक ताडपत्राची पोथी आहे. बावीस पानं, वर-खाली काळपट लाकडी फळ्या, मधून ओवलेला दोरा. तिच्यासाठी मी 35 लाख रुपिया मोजले, म्हणजे आपले जवळपास साडेअठरा हजार. खरी किंमत किती ते पुढे येईलच. बालीला निघालेल्या आणि माझ्यासारखाच इतिहासाचा किडा असलेल्या मंडळींसाठी हे सगळं सविस्तर लिहितोय. समुद्रकिनाऱ्यावर लोळायला जाणाऱ्याला हा सापळा लागत नाही, तो त्या दुकानात पायच ठेवणार नाही.

आम्ही दोघं दिवसभरासाठी गाडी करून क्लुंगकुंगला गेलो होतो. तिथला केर्ता गोसा हा जुना न्यायमंडप मला बघायचाच होता. त्याच्या छतावर भीम आईवडिलांना सोडवायला नरकात जातो ती कथा रंगवली आहे, आणि नरकातल्या शिक्षा अशा काही काढल्यात की मान दुखेपर्यंत माणूस वर बघत राहतो. 28 एप्रिल 1908 रोजी याच क्लुंगकुंगचा राजा कुटुंबासह आणि सेवकांसह डच सैन्याच्या बंदुकांसमोर चालत गेला. याला तिथे पुपुतान म्हणतात, शेवटपर्यंत लढून मरणं. राजवाड्याचा बहुतेक भाग डचांनी जमीनदोस्त केला. हा मंडप, शेजारचा तळ्यातला मंडप आणि एक कोरीव दरवाजा तेवढा राहिला.

हे मी वाचून गेलो होतो आणि वाटेत ड्रायव्हरला उत्साहाने सांगतही होतो. आता वाटतं, तिथेच त्याने मला जोखलं. तो म्हणाला, “सर, तुम्हाला एवढं माहीत आहे! बाकीचे पर्यटक फक्त फोटो काढतात. माझ्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्याकडे राजवाड्यातून वाचलेल्या वस्तू आहेत. विकत नाहीत ते सहसा. नुसतं बघा.”

“नुसतं बघा” म्हटल्यावर मी बघायला गेलो.

दुकान म्हणावं असं ते नव्हतं. घराची पडवी, दोन मुखवटे, एक गंजकी कट्यार आणि साठीचे एक सभ्य गृहस्थ. पोथी त्यांनी आतून पिवळ्या कापडात गुंडाळून आणली, कपाळाला लावली, मग उघडली. राजपुरोहिताच्या घरातलं रामायण आहे म्हणाले, 1908 च्या धामधुमीत कोणीतरी पदराखाली लपवून बाहेर काढलं. मी वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश म्हणाले, “सिंता...” माझ्याकडे बघून हसले. “सिंता. तुमची सीता.”

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. इंडोनेशियात सीतेला सिंता म्हणतात हे मला माहीत होतं. बालीशेजारच्या लोम्बोक बेटावर 1894 साली डचांनी राजवाडा लुटला तेव्हा जळत्या ग्रंथालयातून एका डच अभ्यासकाने नागरकृतागमाची ताडपत्रं वाचवली, 1365 सालचं ते काव्य, हेही माहीत होतं. म्हणजे असं घडू शकतं हे त्यांना पटवावं लागलंच नाही. त्यांनी अर्धी गोष्ट सांगितली, उरलेली अर्धी मीच मनात रचली.

बायको बाजूला उभी होती. हळूच म्हणाली, “अहो, एवढं मोलाचं असेल तर ते काचेच्या पेटीत असेल ना? पडवीत कशाला असेल?” मी तिला गप्प केलं. याची परतफेड अजून चालू आहे.

भाव 80 लाखांवरून सुरू झाला. इथे एक सावधगिरी: रुपियाच्या शून्यांनी डोकं गरगरतं. एक लाख रुपिया म्हणजे आपले पाचशेच्या आसपास, हे पाठ करून ठेवा, कारण घासाघीस लाखांत चालली की दहा-वीस लाख सोडून दिल्याच्या आनंदात आपण रुपयांचा हिशोब विसरतो. माझं तेच झालं. 35 लाखांना सौदा ठरला तेव्हा मला वाटत होतं मीच त्यांना लुबाडलं. पैसे रोख. कार्डाचं मशीन बिघडलं होतं, एटीएमपर्यंत ड्रायव्हर आपणहून घेऊन गेला. सोबत एक प्रमाणपत्रही मिळालं, जाड कागद, लाल शिक्का, वय ‘शंभर वर्षांहून अधिक’. आणि एक साधी पावती. ती मी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी तेंगानानला गेलो. पूर्वेकडच्या करंगासेम भागातलं हे बाली आगा, म्हणजे बालीच्या मूळ रहिवाशांचं जुनं गाव. गेरिंगसिंग नावाचं कापड इथे विणतात, ज्यात ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवलेले असतात, आपल्या पटोळ्यासारखं. पण मला थांबवलं ते एका ओसरीने. तिथे एक माणूस ताडाच्या पानावर छोट्या सुरीने अक्षरं कोरत बसला होता. कोरून झालं की केमिरी नावाची तेलकट बी जाळून काळी केलेली, ती पानावर चोळायचा. पान पूर्ण काळं व्हायचं. मग फडक्याने पुसलं की वरचं काळं निघून जायचं आणि फक्त खाचांत शाई बसल्यासारखी अक्षरं उभी राहायची. अर्ध्या मिनिटाचं काम, पण बघत राहावं असं.

त्याच्या शेजारी तयार पोथ्या रचलेल्या होत्या. तशाच फळ्या, तसाच दोरा. फरक एवढाच की पानं गव्हाळ होती, माझ्या पोथीसारखी चहाच्या रंगाची नव्हती.

मी पिशवीतून माझी काढून त्याच्या हातात दिली. त्याने पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग भराभर उलटली. “काय लिहिलंय?” मी विचारलं.

“सिंता, लांडेप, उकिर, कुलांतिर, तोलु, गुंब्रेग...” तो म्हणाला. “आठवडे आहेत.”

बालीच्या पावुकोन पंचांगात 210 दिवसांचं वर्ष आणि 30 आठवडे, प्रत्येकाला नाव. पहिल्या आठवड्याचं नाव सिंता. माझ्या रामायणात सीता नव्हती, सोमवार-मंगळवारसारखी यादी होती. तीही पूर्ण नव्हे. पहिली सहा नावं एका पानावर, मग तीच पुढच्या पानावर, अशी बावीस पानं. नवशिके हात बसवायला गिरवतात तसं. त्याने ओल्या फडक्याने पानाची कडा पुसली, फडकं तपकिरी झालं. जुनेपणा चहाचा किंवा तसल्याच कशाचा तरी होता. असा माल नवा म्हणून किती पडेल, विचारलं. तीन लाख, तोही बरा कोरलेला असेल तर. आपले दीड हजार.

रात्री खोलीवर पावती नीट वाचली. त्यावर ‘केराजिनान’ लिहिलं होतं. भाषांतराच्या ॲपवर टाकलं: हस्तकला. म्हणजे प्रमाणपत्र पुरातन म्हणतंय आणि पावती हस्तकला म्हणतेय. तक्रार करायला गेलो असतो तर पावतीच पुढे आली असती. आणि प्रमाणपत्र खरं मानलं तर आणखी पंचाईत. इंडोनेशियाच्या 2010 च्या वारसा कायद्यानुसार, 50 वर्षांहून जुनी आणि महत्त्वाची ठरणारी वारसावस्तू सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू खोटी निघाली म्हणून पैसे गेले, खरी असती तर विमानतळावर मी अडकलो असतो. जुनी वस्तू ‘प्रमाणपत्रासह, लगेच बॅगेत घाला’ असं कोणी म्हणालं तर एवढाच विचार करा की परवानगीचा कागद कुठे आहे.

ड्रायव्हरला मेसेज केले. दोन निळ्या टिका आल्या, मग त्याचा फोटोच दिसेनासा झाला. शेवटच्या दिवशी वाट वाकडी करून त्या पडवीवर गेलो, तर एक पोरगा बसला होता. काका देवळाच्या उत्सवाला गावी गेलेत म्हणाला. पैसे परत नाहीत, हवं तर बदलून मुखवटा घ्या.

खरी ताडपत्रं बघायची असतील तर उत्तरेला सिंगराजाला जा. तिथलं गेदोंग कीर्त्या हे ग्रंथालय 1928 साली स्थापन झालं आणि ते ताडपत्रांसाठीच ओळखलं जातं. घरी न्यायची असेल तर तेंगानानची नवी घ्या, तुमच्यासमोर कोरलेली.

तेंगानानचं एक सांगायचं राहिलं. मी निघालो तेव्हा त्या कारागिराने पोथी परत मागितली. सातव्या पानावर बोट ठेवून म्हणाला, इथे लांडेप चुकलंय. सुरी घेतली, एक खूण खोल केली, केमिरी चोळली, पुसली. दोऱ्याची गाठही सोडून नीट बांधली. किती द्यायचे विचारलं तर त्याने मान हलवली आणि पुढचं पान कोरायला घेतलं.