जुनी पिकअप मिस मारतेय: स्कॅनर, व्हॅक्यूम गेज की कॉम्प्रेशन गेज?

जुन्या पिकअपचं इंजिन उभ्या गाडीत थरथरायला लागलं, चढावर झटके द्यायला लागलं, की बहुतेक जण आधी प्लग बदलतात. मग वायरी, मग कॉइल, मग इंजेक्टर. एवढं सगळं नवं बसवूनही गाडी मिस मारतच राहते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, कारण दोष कुठे आहे हे कुणी मोजलेलंच नसतं. आधी मोजमाप आणि मग पाना, यावर मी ठाम आहे. मोजायचं कशाने, हा खरा प्रश्न. एकच साधन घ्यायचं असेल तर ते कुठलं?

साधन घेण्याआधी एक चाचणी फुकटात होते, ती करून घ्या. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू ठेवा आणि इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काही सेकंद काढा. ज्याचं कनेक्टर काढल्यावर इंजिन आणखी खाली बसतं, तो सिलिंडर काम करतोय. काढलं काय, लावलं काय, काहीच फरक पडत नाही, तो मेलेला. सगळेच सारखे खाली बसत असतील तर दोष सामाईक आहे: कुठेतरी हवा ओढली जातेय, पेट्रोलचा दाब कमी आहे, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सरकलंय किंवा जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. आणि इंजिनाचा आवाज एकसारखा असून फक्त केबिन थरथरत असेल, तर इंजिन माउंटिंगचं रबर बघा. तिथे इंजिनात काही बिघाडच नसतो.

स्कॅनर

अमेरिकेत १९९६ पासूनच्या कार आणि पिकअपना ओबीडी-२, म्हणजे गाडीचे दोष कोडच्या रूपात नोंदवणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, इतर देशांत ते पुढे आलं. तेव्हा मॉडेलच्या वर्षावर न जाता डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट आहे का ते आधी बघा. सॉकेट असेल तर स्कॅनर सगळ्यात लवकर उत्तर देतो. पी०३०३ हा कोड आला तर तिसरा सिलिंडर मिस मारतोय. पी०३०० आला तर मिसफायर एका जागी टिकत नाही.

पण कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. पी०३०३ दिसला म्हणून तिसऱ्याची कॉइल विकत आणू नका. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर तिसऱ्याची पाचव्यावर लावा, पाचव्याची तिसऱ्यावर, कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. आता पी०३०५ आला तर कॉइलच गेलीय. पुन्हा पी०३०३ आला तर कॉइल निर्दोष. मग हीच अदलाबदल प्लगची करा.

स्कॅनरची खरी किंमत त्याच्या लाइव्ह डेटात, म्हणजे चालू इंजिनाच्या आकड्यांत आहे. फक्त कोड वाचणारं स्वस्त यंत्र घेऊ नका, फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, ते दाखवणारं घ्या. लाँग टर्म ट्रिम साधारण उणे १० ते अधिक १० टक्के या पट्ट्यात असावा. आयडलवर तो अधिक २० आणि २५०० आरपीएमला नेल्यावर जवळपास शून्यावर येत असेल, तर मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) किंवा एखादी तडकलेली होज हवा ओढतेय. उलट आयडलला ठीक आणि लोड आला की चढत जात असेल, तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय.

इथे एक चकवा आहे. सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसेल तर त्यातली हवा न जळता तशीच बाहेर पडते. ऑक्सिजन सेन्सरला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि कॉम्प्युटर समजतो की मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे. म्हणून मिसफायरच्या कोडसोबत पातळ मिश्रणाचा पी०१७१ही आला तर आधी मिसफायर मिटवा. कितीतरी धडधाकट फ्युएल पंप यामुळेच बदलले जातात. आणि इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवूच नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

व्हॅक्यूम गेज

कार्ब्युरेटरच्या गाडीला स्कॅनर निरुपयोगी, तिथे मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेजच राजा. ते थेट मॅनिफोल्डला जोडा. थ्रॉटल प्लेटच्या वरच्या नळीला जोडलं तर आयडलला काटा हलणारही नाही. समुद्रसपाटीला निरोगी पेट्रोल इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच वजा करा, नाहीतर डोंगराळ भागात चांगलं इंजिनही आजारी वाटेल.

काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा हवा शिरतेय. ठरावीक लयीत एकेक झटका खाली मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सरची लाइन चोंदलीय. मात्र कुठला सिलिंडर, हे गेज सांगत नाही. डिझेलला तर ते लावूच नका. जुन्या डिझेलला थ्रॉटल नसतो, मग व्हॅक्यूम येणार कुठून?

कॉम्प्रेशन गेज

हे गेज सिलिंडर आतली हवा किती दाबतो ते मोजतं. मेहनत यात सगळ्यात जास्त. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. स्टार्टर मारून प्रत्येक सिलिंडरला सारखेच स्ट्रोक द्या. पेट्रोल इंजिनात बहुधा १२० ते १८० पीएसआय मिळतात, पण आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नसावा.

एक सिलिंडर ९० वर अडकला आणि बाकीचे १५० ला आहेत असं समजा. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा उसळला तर रिंगा गेल्यात. हललाच नाही तर बहुधा व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर हेड गॅसकेटचा संशय घ्या.

प्लग बाहेर आलेच आहेत तर क्रमाने मांडून ठेवा आणि नीट बघा. फिकट तपकिरी टोक म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. चकचकीत तेलकट काळं म्हणजे ऑइल वर येतंय. एकाच प्लगचं टोक धुतल्यासारखं स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरतंय का ते तपासा.

डिझेलला पेट्रोलचं गेज चालत नाही, दाब दुपटीहून जास्त असतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमध्ये इंजेक्टर पाइपचा नट एकेक सैल करून मेलेला सिलिंडर ओळखतात. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात, हे अजिबात करू नका. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.

मग घ्यायचं कुठलं?

सॉकेट असलेल्या गाडीला लाइव्ह डेटावाला स्कॅनर, कार्ब्युरेटरला व्हॅक्यूम गेज. रोजच्या तक्रारी यातच सुटतात. पण प्रश्न गाडी ठेवायची की विकायची, असा असेल तर दोन्ही बाजूला ठेवून आधी कॉम्प्रेशन मोजा. सगळे सिलिंडर सारखे आले तर कॉइल, पंप, होज यांवर बिनधास्त खर्च करा. एकच खाली आणि ऑइलने हलत नसेल तर हेड उतरवण्याचा अंदाज घ्या. सगळेच खाली आणि ऑइल टाकल्यावर सगळेच चढत असतील तर इंजिनाचं पूर्ण काम निघणार. ते करायचं की नाही हे ठरेपर्यंत त्या गाडीत एक प्लगही नवा टाकू नका.