मेव्हिस गॅलंट यांच्या कथांसोबत आठ महिने

कॅनेडियन कथाकार मेव्हिस गॅलंट यांचा १९९६ सालचा 'कलेक्टेड स्टोरीज' हा जाडजूड संग्रह आठ महिन्यांपूर्वी हाती आला, तेव्हा रोज रात्री दोन कथा वाचून तो संपवण्याचा माझा बेत होता. चार दिवसांतच तो बारगळला, कारण पात्रांची नावे एकमेकांत मिसळू लागली आणि पॅरिसमधले एक भाड्याचे घर दुसऱ्यासारखेच वाटू लागले. कथा म्हणजे कादंबरीची प्रकरणे नव्हेत, एक वाचून पुस्तक मिटावे आणि सवडीने परतावे, असे लेखिकेने प्रस्तावनेत सांगितलेच आहे. ते मी घाईघाईने ओलांडून गेलो होतो. तेव्हापासून आठवड्याला एकच कथा वाचतो.

गॅलंट मूळच्या माँट्रियलच्या. तिथली वृत्तपत्रातील नोकरी सोडून १९५० साली त्या युरोपला गेल्या आणि पुढे पॅरिसमध्येच राहिल्या. त्यांची माणसेही अशीच परमुलखात वावरणारी, पण बहुतेकांना तिथे का आलो हे सांगता येत नाही. 'द आइस वॅगन गोइंग डाउन द स्ट्रीट' मी तीनदा वाचली. घराण्याच्या जुन्या वैभवावर जगणारा पीटर आणि कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतातून आलेली कष्टाळू अ‍ॅग्नेस जिनिव्हात एकाच कचेरीत काम करतात. भल्या मोठ्या कुटुंबात वाढलेली अ‍ॅग्नेस लहानपणी पहाटे एकटीच उठून बर्फाची गाडी रस्त्याने जाताना पाहत असे. ती आठवण ती त्याला एका रात्री सांगते. दोघांत बाकी काहीच घडत नाही. तरीही पुढे कित्येक वर्षे ती गाडी पीटरच्या मनातून जात नाही. पहिल्या वाचनात मला हा शेवट अपुरा वाटला होता, याची आता थोडी लाज वाटते.

याच काळात कॅनडाच्याच कथाकार अ‍ॅलिस मन्रो यांच्या कथाही वाचत होतो. त्या ऑन्टॅरिओतल्या छोट्या गावांत वाचकाला बोट धरून नेतात आणि मग एका परिच्छेदात तीस वर्षे ओलांडतात. गॅलंट बोटही धरत नाहीत. युद्धोत्तर युरोपचे राजकारण ठाऊक नसेल तर काही कथा कोरड्या वाटतात, आणि त्यांचा उपरोध कधी कधी पात्रांवर अन्यायही करतो. शिवाय हे पुस्तक अंथरुणात धरून वाचणे मनगटाला परवडत नाही.

नव्या वाचकाने गॅलंट यांच्या लिनेट म्यूर या पात्राच्या कथांपासून सुरुवात करावी. अठराव्या वर्षी न्यू यॉर्कहून माँट्रियलला परतून वडिलांच्या मृत्यूचा माग काढणारी ही मुलगी लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्याच्या बरीच जवळची आहे, आणि तिथे उपरोधाची धारही किंचित मऊ झालेली आहे.