प्रौढांच्या जन्मजात हृदयदोषांचा तपासणी विभाग: एका रुग्णाचा अभिप्राय

जिना चढताना लागणाऱ्या धापेसाठी मी तीन वर्षे दम्याचा पंप वापरला आणि एकदा टू-डी इको (छातीवरून ध्वनिलहरींनी केलेली हृदयाची तपासणी) करूनही ‘हृदयाचा पडदा ठीक आहे, वजन कमी करा’ एवढेच ऐकून परत आलो. त्यानंतर ज्या विभागात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील जन्मजात छिद्र हे माझे निदान झाले, त्याच्याविषयी हे लिहीत आहे.

येथील डॉक्टरांनी यंत्राकडे वळण्याआधी बराच वेळ छाती ऐकली. हृदयाच्या दुसऱ्या ठोक्याचे दोन भाग श्वास घेताना दूर जातात व सोडताना जवळ येतात. माझ्यात ते अंतर सारखेच राहत होते. जुन्या इकोच्या अहवालात हृदयाचे उजवे कप्पे मोठे झाल्याची एक ओळ होती, जिच्याकडे आजवर कोणीही लक्ष दिले नव्हते. उजवी बाजू कारणाशिवाय फुगत नाही, म्हणून कारण सापडेपर्यंत शोध थांबवायचा नाही, ही त्यांची भूमिका मला या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

दंडाच्या शिरेतून बुडबुडे मिसळलेले सलाईन देऊन केलेल्या चाचणीत काही दिसले नाही, तरी रक्त डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर हे बुडबुडे छिद्रातून डाव्या बाजूला न जाणेही शक्य असते, असे समजावून त्यांनी घशातून नळी घालून इको केला. छिद्र सापडले ते वरच्या महाशिरेच्या तोंडाशी, जिथे छातीवरून केलेल्या इकोची नजर बहुधा पोहोचत नाही. एमआरआयमध्ये उजव्या फुप्फुसाची एक शीरही त्याच महाशिरेला जोडलेली दिसली. शरीराकडे जाणाऱ्या रक्ताच्या दुप्पट रक्त फुप्फुसांकडे जात होते. हे प्रमाण साधारण दीडपटीच्या पुढे गेले की छिद्र बंद करण्याचा विचार होतो. मात्र फुप्फुसांतील दाब फार वाढलेला असेल तर ते बंद करणे घातक ठरते, म्हणून शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून तो दाबही मोजला.

उणीव एकच, पण त्रासदायक: घशातील इकोआधी उपाशी राहायचे असते हे कोणी नीट सांगितले नाही आणि माझी पहिली तारीख वाया गेली. घसा मात्र एकच दिवस दुखला.

अशा ठिकाणचे छिद्र छत्रीसारख्या उपकरणाने सहसा बंद होत नाही, त्यामुळे मला शस्त्रक्रिया सुचवली आहे. सर्व चित्रे मागताच मिळाली आणि शल्यचिकित्सकांना एकही तपासणी पुन्हा करावी लागली नाही.