वेस्टी, याकोबसेन की येन्सन: फॉर्म्युलाची शिडी कधी सोडायची?

मुलगा सतरा वर्षांचा, फॉर्म्युला 4 झालेली, पुढच्या मोसमाचा करार समोर. एक वाट फॉर्म्युला 3, मग फॉर्म्युला 2 आणि नशीब असेल तर फॉर्म्युला 1 ची. दुसरी स्पोर्ट्सकारची, म्हणजे फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांसारख्या लांब पल्ल्याच्या शर्यतींची, जिथे एक गाडी दोन-तीन ड्रायव्हर आळीपाळीने चालवतात. या वळणावरच्या घराला मी तीन डॅनिश ड्रायव्हरांचे प्रवास शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगेन. 2025 मध्ये तिघेही ल माँच्या सर्वोच्च, हायपरकार वर्गात होते. तिथवर यायला तिघांनी घेतलेले रस्ते मात्र फार वेगळे.

फ्रेडरिक वेस्टीने शिडी शेवटच्या पायरीपर्यंत चढली. 2019 मध्ये प्रेमा संघाकडून फॉर्म्युला रीजनल युरोपियनचं विजेतेपद, 2020 आणि 2021 मध्ये फॉर्म्युला 3 मध्ये चौथा, 2021 पासून मर्सिडीजच्या ज्युनियर योजनेत. 2023 ला फॉर्म्युला 2 मध्ये तो 192 गुणांवर थांबला आणि तेओ पूर्शेर 203 गुणांनी जिंकला. पूर्शेरपेक्षा जास्त शर्यती वेस्टीने जिंकल्या होत्या. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर मुख्य शर्यतीआधी ग्रिडकडे, म्हणजे सुरुवातीच्या रांगेकडे जातानाच त्याची गाडी आदळली आणि त्या दिवशी त्याला सुरुवातसुद्धा करता आली नाही. अख्ख्या मोसमाचा निकाल अकरा गुणांवर ठरतो तेव्हा असा एक दिवस आयुष्यभर आठवत असेल.

पण खरी गोष्ट पुढची आहे. फॉर्म्युला 2 मध्ये पहिल्या तिघांत आलात की सुपर लायसन्सला, म्हणजे फॉर्म्युला 1 च्या परवान्याला लागणारे 40 गुण एका फटक्यात मिळतात. वेस्टीकडे ते होते, सीट नव्हती. 2023 च्या शेवटी फॉर्म्युला 1 मध्ये जे वीस ड्रायव्हर होते, तेच वीस 2024 च्या सुरुवातीला. विजेत्या पूर्शेरलाही जागा नाही. 2025 मध्ये तो प्यूजोच्या हायपरकारचा डेव्हलपमेंट ड्रायव्हर झाला. मुंबईचा जेहान दारूवालाही त्या मोसमात याच गर्दीत होता, तोही फॉर्म्युला 1 पर्यंत पोचला नाही. फॉर्म्युला 2 च्या एका मोसमाचा खर्च साधारण 20 ते 30 लाख युरो सांगितला जातो. तो कोणी घातला, घराने की प्रायोजकाने, हे आधी पाहा. मग स्वप्नाबद्दल बोला.

माल्थे याकोबसेन डॅनिश फॉर्म्युला 4 नंतर त्या शिडीवर चढलाच नाही. 2022 मध्ये कूल रेसिंगकडून युरोपियन ल माँ मालिकेत एलएमपी3 वर्गाचं (हायपरकारच्या दोन पायऱ्या खाली) विजेतेपद, पुढच्या वर्षी त्याच्या वरचा एलएमपी2, प्यूजोच्या ज्युनियर योजनेत प्रवेश आणि 2025 पासून पूर्ण मोसम हायपरकारमध्ये. वय तेव्हा 21. वेस्टी कॅडिलॅककडून त्याच वर्गात आला तेव्हा 23 चा होता.

हे इतकं लवकर कसं जमलं? उत्तर श्रेणीत आहे आणि बहुतेक पालकांना ते उशिरा कळतं. एफआयए, म्हणजे मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, ड्रायव्हरांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी श्रेणी देते. एलएमपी3 मध्ये प्रत्येक गाडीत एक ब्राँझ, म्हणजे हौशी ड्रायव्हर लागतो आणि बरेचदा गाडीचा खर्चही तोच उचलतो. युरोपियन मालिकेच्या एलएमपी2 मध्ये निदान एक सिल्व्हर लागतो. त्यामुळे गोल्डच्या वेगाने पळणाऱ्या तरुण सिल्व्हरला संघ शोधत येतात. मोठ्या फॉर्म्युला मालिकांत वरचा क्रमांक काढलात की श्रेणी वर सरकते, आणि मग तुमची स्पर्धा थेट गाडी कंपन्यांच्या पगारी ड्रायव्हरांशी होते. मर्सिडीजचं नाव मागे असलेल्या वेस्टीला ते झेपलं. नाव नसलेल्याला ही सिल्व्हरची दोन-तीन वर्षं फार मोलाची आहेत.

मिकेल येन्सन या दोघांच्या मधला. 2014 ला जर्मनीची एडीएसी फॉर्मेल मास्टर्स मालिका जिंकला, युरोपियन फॉर्म्युला 3 च्या दोन मोसमांत मात्र विजेतेपदाच्या जवळ गेला नाही. मग बीएमडब्ल्यूचा ज्युनियर, 2019 मध्ये एलएमपी3 चा युरोपियन विजेता, 2021 मध्ये अमेरिकेच्या इम्सा मालिकेत एलएमपी2 चा विजेता. 2022 ला प्यूजोची हायपरकार 9X8 इटलीतल्या मोंझात पहिल्यांदा उतरली तेव्हा तो 27 चा होता.

पैशाइतकाच स्वभावही तपासा. फॉर्म्युलात संघातला दुसरा ड्रायव्हर हा पहिला प्रतिस्पर्धी. इथे गाडी पिटमध्ये थांबते, दार उघडतं, आतला आपला सीटचा साचा उचलून बाहेर पडतो, दुसरा आत शिरतो आणि बाहेर आलेलाच वाकून त्याचे पट्टे आवळतो, रेडिओची वायर जोडतो. गाडीचा सेटअप, म्हणजे जुळणी, तिघांना चालेल अशी, म्हणजे कुणालाच मनासारखी नाही. ज्याला हे सोसत नाही, त्याने इकडे येऊ नये. डेन्मार्कमध्ये याला कमीपणा मानत नाहीत, कारण टॉम क्रिस्टेन्सन फॉर्म्युला 1 ची एकही शर्यत न धावता नऊ वेळा ल माँ जिंकला.

माझा कौल असा: फॉर्म्युला 3 चा खर्च प्रायोजक उचलत असेल आणि मुलगा पहिल्या पाचांत असेल, तर वेस्टीचा रस्ता धरा; वाया काहीच जात नाही, अमेरिकेतली लांब पल्ल्याची शर्यत पेटिट ल माँ त्याने 2025 मध्ये जिंकली. पैसे घरचे असतील तर याकोबसेनचा रस्ता, आणि तोही आत्ताच. फॉर्म्युला 3 च्या करारावर सही करण्याआधी एलएमपी3 ची एक टेस्ट मागून घ्या, जमल्यास रात्रीची, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन परतल्यावर मुलाचा चेहरा बघा.