बालीचा व्हिसा: ह्यांनी विमानतळावर काढला, मी कराडात बसून

तेहतीस वर्षं मी जिल्हा बँकेत कॅशियर होते. त्यामुळे कुठल्याही खिडकीसमोर उभी राहिले की माझी नजर आधी पलीकडच्या माणसाच्या हातांकडे जाते. नोटा कशा मोजतोय, सुटे कुठे ठेवतोय, पावती आपणहून देतोय की मागावी लागतेय. बालीची देवळं आणि भातखाचरं ह्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी तिथल्या, म्हणजे इंडोनेशियातल्या देनपसारच्या विमानतळावरच्या व्हिसाच्या खिडकीबद्दल लिहिते.

आम्ही दोघं नोव्हेंबर २०२५ मध्ये सात रात्रींसाठी गेलो होतो. भारतीय पासपोर्टवर इंडोनेशियाचा पर्यटन व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो. मुदत तीस दिवस, फी ५,००,००० रुपिया. आकडा बघून छातीत धस्स होतं, पण आपल्या पैशात साधारण सत्तावीसशे रुपये. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “बालीला कसला व्हिसा? आमचा दिनू लग्नानंतर गेला तेव्हा नुसता शिक्का मारला.” दिनू २०१८ साली गेला होता, तेव्हा ते खरंच होतं. २०२० मध्ये करोनात ती सवलत थांबली आणि २०२२ पासून पैसे भरून व्हिसा सुरू झाला. जुन्या प्रवाशाचा सल्ला घ्यावा, पण साल विचारून.

तिकिटं आणि हॉटेल आम्ही गावातल्याच एका एजंटाकडून घेतलं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याचं पोट आहे. त्याच्या कागदावर ‘व्हिसा शुल्क’ म्हणून माणशी साडेचार हजार होते. मी विचारलं, सरकारी फी किती आणि तुमची किती? म्हणाला, “काकू, ते पॅकेजमध्येच असतं.” पॅकेजमध्ये असतं म्हणजे काय असतं, हे मला तेहतीस वर्षांत कळलेलं नाही. शेवटी त्याने ती ओळ खोडली आणि खाली ‘हाताळणी’ म्हणून माणशी पाचशे लिहिले. तिकीट हातातून जाईल म्हणून तेवढे दिले. पावती मागितली. “पाठवतो,” म्हणाला.

हाच व्हिसा घरबसल्या, निघण्याआधीही काढता येतो. तोही तीसच दिवसांचा, फीही तीच, वर कार्डाचा थोडा आकार. हे मी ह्यांना सांगितलं. हे वीज मंडळातून निवृत्त. म्हणाले, “अगं, नावातच आहे ना, पोचल्यावर मिळतो म्हणून? मग आधीपासून कशाला घोर?” तेव्हा ठरलं की ज्याने त्याने आपापला काढायचा.

माझा सूनबाईंनी मोबाइलवर भरला. पहिलं काम म्हणजे खरी साइट शोधणं. शोधल्यावर वरती येतात त्या सगळ्या सरकारी नसतात. काही दिसायला हुबेहूब असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे लावतात. इंडोनेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्या पत्त्यात ‘इमिग्रासी’ असतं आणि शेवटी ‘गो डॉट आयडी’. ते नसेल तर बाहेर पडा. पासपोर्टच्या पानाचा फोटो तीनदा काढला, कारण ट्यूबलाइटची चमक बरोबर जन्मतारखेवर येत होती. माझ्या फोटोसाठी पांढरी भिंत हवी होती. आमच्या भिंती पिस्त्याच्या रंगाच्या. मग ह्यांचं धोतर पाठीमागे धरलं, एक टोक नातवाच्या हातात, एक खिडकीला. त्या धोतरापुढचा माझा फोटो इंडोनेशिया सरकारने मान्य केला आहे.

आपल्याकडच्या बायकांनी एक लक्षात ठेवावं. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव जोडलेलं असतं. फॉर्ममध्ये तेही तसंच्या तसं यायला हवं. मी सवयीने नाव आणि आडनाव एवढंच सांगितलं होतं, सूनबाई म्हणाल्या, “आई, बाबा राहिले.” बाबांना आत घेतलं आणि पुढे गेलो. पासपोर्टचा नंबर दोघांनी मिळून तपासा, एकाने वाचायचा, एकाने बघायचा, आम्ही चेक तपासायचो तसा. चुकला तर भरलेले पैसे परत येत नाहीत. व्हिसा मेलवर आला, मी दोन प्रती काढून पिशवीत ठेवल्या. मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत तिथे पोचावं लागतं, म्हणून फार आधी काढण्यात अर्थ नाही.

ह्याशिवाय दोन गोष्टी, ज्या व्हिसा नाहीत पण लोक त्यात मिसळतात. एक, ‘ऑल इंडोनेशिया’ नावाचा फॉर्म: पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा, फुकट, शेवटी एक क्यूआर कोड मिळतो. आरोग्य आणि कस्टमची माहिती त्यातच. ह्याचे कुणी पैसे मागितले तर उठून यावं. दुसरी, बाली प्रांताचा पर्यटक कर, माणशी १,५०,००० रुपिया, म्हणजे आठशेच्या आसपास. हा फेब्रुवारी २०२४ पासून लागला आहे आणि ‘लव्ह बाली’ नावाच्या साइटवर भरता येतो. व्हिसाच्या फीत तो धरलेला नाही. आमच्या एजंटाने तो सांगितलाच नव्हता, बहुतेक पॅकेजमध्ये नसावा.

क्वालालंपूरला विमान बदलून आम्ही उतरलो तेव्हा तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पाय सुजलेले, डोक्यात अजून कराडची वेळ. इमिग्रेशनच्या अलीकडेच व्हिसाच्या खिडक्या लागतात. नुकतीच दोन-तीन विमानं एकदम उतरली होती, त्यामुळे रांग होती. एसटी स्टँडवर गणपतीत असते तशी नाही, सरळ आणि मुकाट. मी माझा कागद दाखवला आणि बाजूने थेट इमिग्रेशनकडे गेले. बोट ठेवलं, फोटो काढला, शिक्का. पुढे जाऊन एका खांबाशी टेकले आणि ह्यांची वाट बघत बसले. चाळीस मिनिटं.

पण ह्यांच्याबरोबर मी आधी थोडा वेळ रांगेत उभी होते, खास खिडकी बघायला. हिशेबाला जागून सांगते, पलीकडची मुलगी पक्की होती. पुढच्या एका माणसाने पाच लाल नोटा दिल्या, लाखाच्या. तिने त्या एका बाजूला जुळवल्या, दोनदा मोजल्या, एक नोट उजेडाकडे धरली, मग गल्ल्यात टाकली. दुसऱ्यांदा मोजताना उलट बाजूने मोजल्या! आमच्या शाखेत नव्या मुलांना मी हेच शिकवायचे आणि ती मुलं हसायची. पावती न मागता दिली. पासपोर्ट उघडून दोन्ही हातांनी परत केला. कार्डही चालतं. ह्यांनी मात्र पुण्याहून नोटाच आणल्या होत्या, रोख म्हणजे रोख.

नोटांवरून आठवलं. त्यांच्या नोटेवर गणपती आहे, हा मेसेज आपल्या सगळ्यांना आलेला आहे. होता, वीस हजाराच्या १९९८ च्या नोटेवर. ती चलनातून केव्हाच गेली. मी प्रत्येक हिरवी नोट उलटून पाहिली. शून्यं मोजण्यापेक्षा रंग पाठ करा: लाखाची लाल, पन्नास हजाराची निळी, वीसची हिरवी, दहाची जांभळी. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात लाल आणि जांभळी शेजारी धरून बघितल्याशिवाय कुणाला देऊ नका.

रांगेत आमच्या पुढे एक तरुण जोडपं होतं, बोलण्यावरून नागपूरकडचं. मुलगा खिडकीशी गेल्यावर कळलं की परतीचं तिकीट फक्त मोबाइलमध्ये आहे आणि मोबाइलला चार्ज नाही. बायको काहीच बोलली नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं. तिच्या फोनवर मेल निघाला म्हणून निभावलं. परतीचं किंवा पुढचं तिकीट आणि पोचण्याच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्ट, ह्या दोन गोष्टी दोन्ही पद्धतींत लागतात. पासपोर्ट धडका हवा. पान फाटलेलं, भिजून फुगलेलं असेल तर इथूनच विमानात चढू देणार नाहीत.

तीस दिवस मोजताना उतरण्याचा दिवस पहिला धरतात, मग तुम्ही रात्री अकराला उतरलेले का असेना. जास्त राहिलात तर दिवसाला दहा लाख रुपिया दंड. आणखी तीस दिवस एकदा वाढवता येतात, पण त्यासाठी तिथल्या इमिग्रेशन कचेरीत स्वतः जावं लागतं. गुढीपाडव्याच्या सुमारास जाणार असाल तर त्यांचा न्येपी कधी आहे ते बघून तिकीट काढा. त्यांची कालगणनाही आपल्यासारखी शकाचीच, न्येपी म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाचा दिवस, तो ते चोवीस तास मौनात घालवतात आणि त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो. त्या दिवशी खिडकीही नाही आणि विमानही नाही.

गुण द्यायचे तर घरून काढलेल्याला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो धोतर परत इस्त्री करावं लागलं म्हणून. पोचून काढलेल्याला साडेतीन. खिडकीच्या कामात खोट नाही, पण साठीच्या गुडघ्यांना ती चाळीस मिनिटं जड जातात, लहान मुलं बरोबर असतील तर आणखीच. ऐन वेळी ठरलं, कार्ड चालेना, फोटो अपलोड होईना, तर पोचून काढायला अजिबात घाबरू नका. ह्यांना विचाराल तर हे पाच देतील. रांगेत त्यांना सुरतेचे एक निवृत्त इंजिनिअर भेटले, ट्रान्सफॉर्मरवर बोलत बोलत खिडकी कधी आली कळलं नाही म्हणे. दोघांचे आता रोज सकाळी मेसेज चालतात.

परत आल्यावर आठव्या दिवशी एजंटाचा फोन आला. “काकू, ट्रिप कशी झाली? आमच्यासाठी पाच स्टार टाका ना.” मी म्हटलं, टाकते की, आधी हाताळणीच्या हजार रुपयांची पावती पाठव. “आजच पाठवतो,” म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले.